दाबाखाली उघड होणारी प्रथिनं

१९१४ मध्ये हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी अंड्याचा पांढरा बलक हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७,००० पट दाबाखाली ठेवला. आच नाही, उकळतं पाणी नाही. तरी बलक उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झाला. उच्च दाबावरच्या संशोधनासाठी १९४६ मध्ये ब्रिजमन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण दाबाने प्रथिनाच्या रेणूचं आतून नेमकं काय होतं, हे पाहण्याची सोय १९१४ मध्ये नव्हती.

पुढे क्ष-किरण स्फटिकशास्त्राने ती दिली. प्रथिनाचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या किरणांवरून अणूंच्या जागा काढायच्या. हे चित्र असंख्य रेणूंची सरासरी असतं. प्रत्यक्षात प्रथिन सतत हलतं, रूपं बदलतं आणि त्यातली विरळ रूपं सरासरीत बुडून जातात. तापवलं तर सगळीच हालचाल वाढते. दाबाचा रोख मात्र आकारमानावर असतो: प्रथिन आणि भोवतालचं पाणी मिळून ज्या रूपात कमी जागा व्यापतात, त्या रूपाकडे पारडं झुकतं. एरवी क्वचित येणारं रूप मग मोजता येण्याइतकं वाढतं.

१९८७ मध्ये कुंड्रॉट आणि रिचर्ड्स या संशोधकांनी पांढऱ्या बलकातल्याच लायसोझाइम या प्रथिनाची १,००० वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १,००० पट, दाबाखालची रचना प्रसिद्ध केली. रेणू सगळीकडून सारखा आक्रसला नव्हता. त्याचा एक भाग दबला, दुसरा जवळपास जसाच्या तसा राहिला. मऊ कुठे, ताठ कुठे, हे दाबाने दाखवून दिलं.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला, कॉर्नेल विद्यापीठातल्या सोल ग्रुनर यांच्या गटाचा प्रयोग. टी-४ या विषाणूच्या लायसोझाइममधलं ९९ क्रमांकाचं ल्युसीन हे अमिनो आम्ल काढून तिथे छोटं अ‍ॅलनिन बसवलं, की रेणूच्या पोटात एक पोकळी तयार होते. तिच्या भिंती तेलकट, पाण्याला नकोशा. नेहमीच्या दाबाखाली ती रिकामीच असते. दाब २,००० वातावरणांच्या आसपास नेला, तसे पाण्याचे सुमारे चार रेणू आत शिरले. बाकीचं प्रथिन जवळजवळ हललंही नाही. पाण्याच्या एकट्या रेणूला तिथे थारा नाही, कारण बांधून घ्यायला शेजारी कुणी नसतं. चौघे आले की एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडून टिकतात. तेलकट गाभा म्हणजे पाण्याला कायमची बंदी, हा समज या निरीक्षणाने सैल केला. दाबाखाली प्रथिनं उलगडतात त्यामागेही गाभ्यात शिरणारं पाणीच असावं, असं मानलं जातं.

या पद्धतीची मर्यादाही खरी आहे. स्फटिकातले रेणू शेजाऱ्यांमध्ये जखडलेले असतात. मोठी उलथापालथ झाली तर स्फटिकच तडकतो. त्यामुळे पूर्ण उलगडणं पाहायला द्रावणातल्या प्रथिनावर दाब देऊन चुंबकीय अनुस्पंदनाने मोजमाप करतात. पण पाण्याचा एखादा रेणू नेमका कोणत्या कोपऱ्यात बसला, हे दाखवायला स्फटिकच लागतो.