पहारेकरी कोठे उभा करावा?

भिलाईच्या नेहरू नगरातील एखादा ग्राहक किराणा दुकानात मोबाइलवरून पैसे चुकते करतो. ‘पैसे मिळाले’ असा आवाज येईपर्यंत दोन-चार क्षण जातात. तेवढ्या अवधीत मोबाइलमधील अ‍ॅप आणि बँकांच्या संगणक प्रणाली यांच्यात अनेक संदेशांची देवाणघेवाण झालेली असते. दोन प्रणालींनी परस्परांस विचारणा कशी करावी व उत्तर कसे द्यावे, यासाठी नेमून दिलेल्या द्वारास ‘एपीआय’ म्हणतात. बँकेच्या काउंटरवरील खिडकीच ती; मात्र येथे दोन्ही बाजूंस यंत्रे असतात.

या खिडक्यांवर लक्ष ठेवणारे सुरक्षा सॉफ्टवेअर बँकेला स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. संदेशांतील खातेक्रमांक व रकमा तपासणीसाठी बाहेर पाठवाव्या लागत नाहीत, हा त्याचा मोठा लाभ होय. देयकांची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा ६ एप्रिल २०१८ चा आदेशही आहे. अर्थात, मग देखभालीचा भारही बँकेवरच येतो.

पहारेकरी उभा करण्याच्या रीती दोन. पहिलीत प्रत्येक संदेशाची केवळ प्रत तपासली जाते. व्यवहार खोळंबत नाही. परंतु गैरप्रकार उघडकीस येईतो पैसे गेलेले असू शकतात. दुसरीत पहारेकरी वाटेतच उभा राहतो व संशयास्पद संदेश अडवितो. मात्र तो स्वतःच बंद पडला, तर प्रामाणिक ग्राहकाचाही व्यवहार अडतो.

शिवाय, केवळ वेशीवरचा पहारा पुरत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला याची साक्ष देतो. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाण्याऐवजी हल्लेखोरांच्या बनावट ‘प्रॉक्सी स्विच’कडे वळविली गेली आणि तेथूनच होकार मिळत राहिला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. १३ तारखेस ‘स्विफ्ट’द्वारे परदेशी पाठविलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हा मार्ग आजच्या अर्थाने एपीआयचा नसला, तरी बोध तोच: आतल्या दोन प्रणालींमधील संवादावरही नजर हवी.

यास्तव निवड सरसकट नसावी. प्रथम काही काळ संदेशांच्या प्रती तपासून नेहमीच्या व्यवहारांची रीत जाणून घ्यावी; अन्यथा वाटेतला पहारेकरी सज्जनांनाच अडवील. त्यानंतर पैसे हलविणाऱ्या मार्गांवर वाटेतला पहारा बसवावा. तेथे एक पहारेकरी बंद पडल्यास दुसरा सज्ज असावा. दोन्ही बंद पडल्यास दार मिटलेले राहावे. शाखेचा पत्ता सांगणाऱ्या खिडकीला मात्र एवढी कठोरता नको.

नेहरू नगरातील त्या ग्राहकास यातले काहीच दिसत नाही. एखादे वेळी व्यवहार क्षणभर थांबला, तर त्या विलंबामागे त्याच्याच ठेवीची राखण असू शकते, एवढे त्याने ध्यानी घ्यावे. आणि असे थांबणे क्वचितच घडेल, याची दक्षता बँकेने घ्यावी.