अंगावर काढू नये असा ताप

पावसाळा सुरू झाला की घरोघरी शिंका, खोकला आणि कण्हणे ऐकू येऊ लागते. ‘काही नाही, थोडी कणकण आहे,’ असे म्हणत माणूस कामावर जातो. आपल्याकडे याला कर्तव्यदक्षता समजतात. परंतु तो ताप इन्फ्लुएन्झाचा, म्हणजेच फ्ल्यूचा असेल, तर ही कर्तव्यदक्षता त्याला स्वतःला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही महागात पडते. १९१८ साली हाच रोग मुंबई बंदरातून देशात शिरला, आगगाड्यांबरोबर सर्वत्र पसरला आणि त्याने एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. आज इतके भय बाळगण्याचे कारण नाही. मात्र रोग ओळखता आला पाहिजे.

साधे पडसे हळूहळू येते. नाक वाहते, घसा खवखवतो, पण माणूस हिंडूफिरू शकतो. फ्ल्यू मात्र पूर्वसूचना देत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. हुडहुडी भरून ताप चढतो, डोके व अंग ठणकते, कोरडा खोकला येतो आणि विलक्षण थकवा वाटतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि हिवतापही याच सुमारास येतात. म्हणून ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासून घेणेच श्रेयस्कर.

प्रकृती एरवी चांगली असेल, तर विश्रांती, पेज, सरबत, भरपूर पाणी आणि तापासाठी योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल एवढे उपचार बहुधा पुरतात. मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेण्यातही अर्थ नाही. ती औषधे जिवाणूंवर चालतात. फ्ल्यू हा विषाणूंचा रोग आहे. या विषाणूवर ऑसेल्टामिव्हिर नावाचे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणून गर्भवती स्त्रिया, वृद्ध, पाच वर्षांखालील मुले आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेली माणसे यांनी वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, रोग्याला भ्रम होणे किंवा मूल पाणी न पिता निपचित पडणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे. उतरलेला ताप पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

रोगी लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून सुमारे आठवडाभर इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा. घरच्यांनी हात वरचेवर साबणाने धुवावेत. या विषाणूचे रूप सतत बदलत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात ती पावसाळ्यापूर्वी घेणे सोयीचे. काश्मीरमध्ये राहणाऱ्यांनी मात्र ती थंडीपूर्वी घ्यावी, कारण तेथे फ्ल्यूचा जोर हिवाळ्यात असतो.

औषधाविना ताप उतरून पूर्ण एक दिवस लोटल्यावरच कामावर परतावे. हाताखालच्या माणसाने तापासाठी रजा मागितली, तर वरिष्ठांनी ती कुरकुर न करता द्यावी. एकाची चार दिवसांची रजा कधीकधी साऱ्या कचेरीचे आजारपण वाचवते.