पाय नाहीत, तरी पळतो!

समजा, एखाद्या घरात झोपलेल्या मुलाच्या दंडाला डास चावला. अगदी साधी गोष्ट! पण ती ॲनॉफिलीसची मादी असेल आणि तिच्या लाळेत मलेरियाचे परजीवी असतील, तर त्याच क्षणी मुलाच्या कातडीत एक शर्यत सुरू होते.

या परजीवीचं नाव प्लाझ्मोडियम. डासातून येणाऱ्या त्याच्या रूपाला म्हणतात स्पोरोझॉइट. तो इतका बारीक, की शंभरएक स्पोरोझॉइट एकापुढे एक ठेवले तर जेमतेम मिलिमीटरभर रांग होईल. बहुतेक स्पोरोझॉइट कातडीतच पडतात. तिथून रक्तवाहिनी शोधायची आणि यकृत गाठायचं, एवढंच त्यांचं काम.

पण जायचं कसं? याला पाय नाहीत, वल्ह्यासारखी शेपटी नाही. अमीबा किंवा आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंग पुढे ढकलून खोटे पाय काढतात, तेही याला जमत नाही. तरीही तो सरकतो!

दोरीचा मल्लखांब पाहिलाय ना? दोरी पकडायची, हात खाली ओढायचे, की अंग वर जातं. स्पोरोझॉइट पुढच्या टोकाकडून चिकट प्रथिनं बाहेर काढून आजूबाजूला पकड घेतो. त्याच्या पातळ आवरणाखाली मायोसिनच्या इवल्या मोटारी ती पकड मागे ओढतात, आणि गडी पुढे! मागच्या टोकाशी पोचलेली पकड तो चक्क कापून टाकतो. तुमच्या दंडाचे स्नायूही मायोसिनच्याच जोरावर हलतात, बरं का!

वेग? सेकंदाला एक-दोन मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. हसू नका! पांढऱ्या पेशी मिनिटाला दहा-वीस मायक्रॉनच सरकतात. पहारेकऱ्यापेक्षा चोर चपळ!

मलेरियाचा परजीवी माणसाला सापडला तोही हालचालीमुळेच. १८८० साली अल्जेरियात लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरांना एका सैनिकाच्या रक्तात वळवळणारे धागे दिसले. हे सजीवच, त्यांनी ओळखलं.

आता स्पोरोझॉइटची ही चाल रोखायचीही युक्ती निघाली आहे. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी बनवलेली आर-२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिच्यामुळे शरीरात बनणारी प्रतिद्रव्यं स्पोरोझॉइटच्या अंगाला चिकटतात आणि त्याचं सरकणं अडवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली, आणि आफ्रिकेतल्या बाळांना ती मिळू लागली आहे.

पण मुळात डासच चावला नाही, तर शर्यत कसली? शहरातली ॲनॉफिलीस मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. म्हणून पिंपावर, टाकीवर घट्ट झाकण ठेवा. आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासा, चांगलं कोरडं होऊ द्या!