शरीराच्या रक्षकांना नवे शिक्षण
ल्युपस या व्याधीत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर व मूत्रपिंडांवर उलटते. या अनर्थाच्या मुळाशी प्रामुख्याने रक्तातील ‘बी’ पेशी असतात. जर्मनीतील एर्लांगेन येथे २०२१ पासून रुग्णाच्याच ‘टी’ पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडण्यात आल्या. त्यांनी ‘बी’ पेशींचा नाश केला. काही महिन्यांनी नव्या ‘बी’ पेशी उपजल्या; पण जुनी चूक त्यांना ठाऊक नव्हती. पहिल्या पाचही रुग्णांची ल्युपसची औषधे थांबली. आपल्या मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाने घडविलेल्या अशाच उपचारास २०२३ साली मान्यता लाभली. मात्र ती रक्ताच्या काही कर्करोगांपुरतीच. म्हणून आशा अवश्य धरावी. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चालू औषध सोडू नये.