गावरानी कापसाच्या वाणांची पारख
गावरानी कापसाच्या झाडाची उंची व बोंडाचा आकार जमीन आणि पाऊस यांप्रमाणे बदलतो. म्हणून केवळ डोळ्यांनी वाण ठरविणे फसवे होय. पानातील डी.एन.ए.वरील जनुकीय खुणा मात्र शेत बदलले तरी बदलत नाहीत. एकाच नावाखाली दोन वाण असल्यास ते त्यांवरून उघड होते. एरवी त्यांतील एक नकळत नष्ट व्हावयाचा. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे, देशीत २६. त्यामुळे शेतात त्यांचा संकर सहसा होत नाही. सरकी मिसळते ती बहुधा जिनिंगमध्ये. विणकरास हवे तसे सूत निघेल काय, हे मात्र चरख्यावरच पाहावे. ग्रामसेवकांनी प्रत्येक झाडाचे कोवळे पान वेगळ्या पाकिटात घ्यावे आणि शेतकऱ्याने सांगितलेले वाणाचे नाव त्यावर जसेच्या तसे लिहावे.