सोलापूरच्या उन्हाला कोणतं गवत पुरून उरतं?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशा गावात घरापुढच्या हिरवळीला टकलं पडली की बियाण्याच्या पाकिटावरचा गर्द हिरवा फोटो मोह घालतो. आत बहुधा थंड हवेच्या प्रदेशातलं गवत असतं: रायग्रास, फेस्क्यू नाहीतर केंटकी ब्लूग्रास. नोव्हेंबरात रायग्रास पेरलं तर आठवडाभरात उगवतं आणि जानेवारीत अंगण मखमली दिसतं. मार्च सरता सरता मात्र ते पिवळं पडतं आणि एप्रिलात जळून जातं. पाणी कमी पडलं, खत चुकलं, अशी घरात चर्चा होते. खरं कारण पानाच्या पेशींत दडलेलं आहे, आणि ते थक्क करणारं आहे.

हिरवं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. हवेतला कार्बन पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं एक विकर करतं. पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेल्या प्रथिनांपैकी हे एक. पण कामाला अतिशय संथ. त्याचा एक कण सेकंदाला जेमतेम तीनेक कार्बन डायऑक्साइडचे रेणू हाताळतो. त्यातही त्याची ओळख चुकते: कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं. ही खोड फार जुनी आहे. रुबिस्को घडलं तेव्हा पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे दोघांत फरक करण्याची गरज पडली नव्हती. ऑक्सिजन पकडला गेला की झाडाला ती चूक निस्तरावी लागते आणि कमावलेला काही कार्बन परत हवेत जातो. ऊन जितकं तापतं तितक्या या चुका वाढतात. थंड प्रदेशातल्या गवताला १५ ते २४ अंशांत हा तोटा परवडतो. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात कमाईपेक्षा खर्चच जास्त होतो, आणि मग कितीही पाणी घातलं तरी ते गवत तग धरत नाही.

हरळी या आपल्याकडच्या गवताने यावर तोड काढली आहे. तिच्या पानातली व्यवस्था ओसरी आणि माजघर असलेल्या घरासारखी असते. बाहेरच्या पेशींत, म्हणजे ओसरीत, दुसरंच एक विकर बसलेलं असतं. ते ऑक्सिजनला भुलत नाही. कार्बन नेमका ओळखून ते चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात आत पाठवतं. शिरांभोवती कड्यासारख्या रचलेल्या जाड पेशी म्हणजे माजघर. रुबिस्को तिथे असतं. कार्बन तिथे इतका दाटतो की ऑक्सिजनला शिरकाव मिळत नाही आणि चूक जवळजवळ होतच नाही. शिवाय कार्बन असा कसून गोळा होत असल्याने पानावरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाण्याची वाफ कमी होते. तेवढाच पाला वाढवायला थंड प्रदेशातल्या गवताला जितकं पाणी लागतं, त्याच्या साधारण निम्म्यात हरळीचं भागतं.

या मार्गाचा उलगडा उसामुळे झाला. उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लांत दिसतो, असं हवाईतल्या ऊस-संशोधकांनी १९६५ साली मांडलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी त्याची साखळी जुळवून दाखवली. उत्क्रांतीत ही युक्ती एकदाच नव्हे, साठांहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे. ज्या वनस्पतींना ती साधली त्यांच्या जाती जगात जेमतेम तीन टक्के आहेत, पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा सुमारे पाव भरतो.

आता सोलापूर जिल्ह्याकडे या नजरेने पाहा. ऊस याच मार्गाचा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी, काळ्या रानातल्या ओलीवर वाढून भाकरी देणारी ती ज्वारी, तीही याच मार्गाची. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालेल्या नान्नजच्या माळावरचं मारवेल, पवन्या आणि कुसळी हे तर ज्वारी-उसाचे सख्खे भाऊबंद. पाकिटातल्या रायग्रासचा नातलग इथे एकच ओळखीचा: गहू. तो इथे थंडीतच येतो, आणि फेब्रुवारीत ऊन लवकर तापलं की दाणा बारीक राहतो. रायग्रास मार्चनंतर का जातं याचं उत्तर शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गव्हाचा हंगाम तो त्यावरूनच सांभाळत आला आहे.

म्हणून हिरवळ नव्याने धरायची तर मृगाचा मुहूर्त धरा. एक-दोन पाऊस होऊन वाफसा आला की जुनं गवत आखूड कापा, तळाशी साठलेला वाळका थर दाताळ्याने ओढून काढा आणि घट्ट बसलेल्या काळ्या मातीला पहारीने जागोजागी भोकं पाडा. त्यांत बारीक कुजलेलं शेणखत आणि वाळू भरा. मग हरळीची एक दोरी उपटून हातात घ्या. थोड्या थोड्या अंतरावर पेरं दिसतील. प्रत्येक पेराला खाली पांढऱ्या मुळ्यांचे धागे आणि वर पात्यांचा छोटा झुबका. म्हणजे प्रत्येक पेर हे एक नवं झाड आहे. दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतराने लावा. जागा मोठी असेल तर तुकडे ताजं शेण, माती आणि पाण्याच्या काल्यात कालवून तो काला जमिनीवर सारवा. आपल्याकडचे माळी ही पद्धत वापरतात. ऊन भरपूर मिळालं तर पावसाळा संपायच्या आत जमीन झाकली जाते. झाडाच्या दाट सावलीत हरळी विरळच राहते. तिथे हट्ट नको.

पुढे कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, आणि उन्हाळ्यात पातं थोडं लांब ठेवा. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोलवर भिजवा, म्हणजे मुळं ओलीमागे खाली जातात. ज्या शहरात उन्हाळ्यात नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, तिथे हीच सवय परवडणारी आहे.

थंडीत हरळी मंदावते, तेव्हा हिरवाई हवीच असेल तर नोव्हेंबरात तिच्यावर रायग्रास जरूर पेरा. मार्चनंतर ते जाईल, हे धरूनच पेरा आणि त्याला वाचवायला पाणी ओतू नका. बाराही महिन्यांची जबाबदारी मात्र हरळीवरच सोपवा. काळ्या रानात शेतकऱ्याला जी खणून खणून संपत नाही, ती तुमच्या अंगणात तुम्ही म्हणाल तेवढी वर्षं टिकेल.