खबर पोचली, तर मदत पोचते

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, चक्रीवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. माडाची झाडे, मासेमारीच्या होड्या, किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा. रनाळ्यात किंवा नंदुरबार तालुक्यातल्या कुठल्याही गावात बसून साहजिकच वाटते की हा विषय कोकणातल्या माणसांचा आहे. आपली चिंता पाऊस वेळेवर पडेल की नाही, ही.

पण वादळ किनाऱ्यावर येऊन थांबत नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. संध्याकाळपर्यंत त्याचा जोर ओसरला, पण ते विरून गेले नाही. पुणे आणि नाशिकच्या बाजूने ईशान्येकडे सरकत दुसऱ्या दिवशी ते पश्चिम विदर्भापर्यंत गेले. शिवाय आपल्या पश्चिमेला सुरतेचा किनारा फार लांब नाही. उभी पपई आणि केळी आडवी करायला ताशी शंभराचा वारा लागत नाही, त्याच्या निम्मा पुरतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

म्हणून आज आपण एक प्रश्न समजून घेऊ. वादळ येऊन गेल्यावर राज्याची मदत गावापर्यंत येते कशी? ती कुठे अडते? आणि ती अडू नये म्हणून गावाच्या हातात काय असते?

हुकूम कोणाचा?

पुष्कळांची समजूत अशी असते की मुंबईहून हुकूम सुटतो आणि मदत निघते. प्रत्यक्षात तसे नसते. आपल्या देशात २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, आणि अंमलबजावणी पाहणाऱ्या कार्यकारी समितीचे प्रमुख मुख्य सचिव. पण प्रत्यक्ष कामाचा कणा म्हणजे जिल्हा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष. संकटाच्या वेळी खासगी ट्रक, जेसीबी, होड्या किंवा एखादी इमारत ताब्यात घेण्याचा अधिकार कायद्याने प्रशासनाला दिला आहे. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहत बसावे लागत नाही.

मग राज्य काय करते? जे जिल्ह्याजवळ नाही ते मिळवून देते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. राज्याचे स्वतःचे दल, एसडीआरएफ, धुळ्यात आणि नागपुरात ठेवलेले आहे. धुळे म्हणजे आपल्या शेजारचे घर. नौदल, तटरक्षक दल, लष्कर, हवाई दल यांना बोलवायचे तर ती विनंती राज्यामार्फत जाते. शेजारच्या राज्याशी बोलायचे तर तेही राज्यच बोलते. थोडक्यात, जिल्हा हात चालवतो आणि राज्य त्या हाताला बळ पुरवते.

आधीचे काम आणि नंतरचे काम

वादळाआधीच्या कामात आपण बरेच सुधारलो आहोत. १९९९ साली ओडिशात जे महाचक्रीवादळ आले, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. २०१३ साली 'फायलिन' वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. हाच धडा 'निसर्ग'च्या वेळी कामी आला. इशारा काही दिवस आधी मिळाला होता. होड्या परत बोलावल्या होत्या. एनडीआरएफच्या तुकड्या किनाऱ्यावर पोचल्या होत्या. कोरोनाची साथ चालू असतानाही हजारो लोकांना कच्च्या घरांतून हलवले गेले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातले रुग्णसुद्धा दुसरीकडे नेले होते. एवढ्या मोठ्या वादळात मनुष्यहानी तुलनेने थोडी झाली, ती या तयारीमुळे.

खरी परीक्षा वारा थांबल्यावर सुरू झाली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची कौले आणि पत्रे उडाले होते. नारळी-पोफळीच्या बागा मुळांसकट पडल्या होत्या. झाडे रस्त्यांवर आडवी, विजेचे खांब मोडलेले, मोबाइलचे मनोरे बंद. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. महावितरणला इतर भागांतून कर्मचारी आणि साहित्य आणावे लागले.

या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी रस्ता मोकळा करायचा, कारण रस्त्यावाचून खांब नेणारा ट्रक जात नाही. खांब उभे राहिल्यावाचून वीज नाही. विजेवाचून पाण्याचा पंप नाही, मोबाइलचा मनोरा नाही. एक कडी अडली की तिच्या पुढच्या सगळ्या अडतात. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, खांब महावितरणचे, पाणी ग्रामपंचायतीचे, मनोरा खासगी कंपनीचा. चौघांनी आपापले काम कितीही मन लावून केले, पण क्रम चुकला, तर चौघांचेही काम वाया जाते. तो क्रम लावणे, यालाच समन्वय म्हणतात.

अनेक हात, एक डोके

हा क्रम लावायचा कोणी, या प्रश्नावर जगभर विचार झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७० साली मोठे वणवे लागले. आग विझवायला अनेक दले धावली, पण प्रत्येकाची भाषा वेगळी, वायरलेस वेगळा, वरिष्ठ वेगळा. त्या गोंधळातून एक पद्धत जन्माला आली. तिचे सार असे, की एका घटनेचा प्रमुख एकच. त्याच्या हाताखाली कामांची वाटणी ठरलेली. प्रत्यक्ष बचाव करणारे वेगळे, माहिती गोळा करून पुढचा बेत आखणारे वेगळे, आणि डिझेल, अन्न, तंबू पुरवणारे वेगळे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली याच धर्तीवर भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार जिल्ह्यात जिल्हाधिकारी जबाबदार, आणि त्यांनी नेमलेला अधिकारी जागेवरचा प्रमुख.

पण पद्धत कागदावर असली म्हणून भागत नाही. ज्या देशाने ही पद्धत शोधली, त्याच देशात ऑगस्ट २००५ मध्ये 'कॅटरिना' वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. हजाराहून अधिक माणसे गेली. शहर, राज्य आणि केंद्र यांच्यात कोणी कोणाकडे काय मागायचे, यात मोलाचे दिवस गेले. माणसे बाहेर काढायला ज्या शाळेच्या बस वापरता आल्या असत्या, त्या उभ्या जागी पाण्यात गेल्या. त्या श्रीमंत देशात साधने कमी नव्हती. कोणाजवळ काय आहे आणि ते कुठे हवे आहे, हे एका ठिकाणी कोणाला कळत नव्हते, दुखणे ते होते.

आपल्याकडेही मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाने तसाच धडा दिला. वादळाचा इशारा होता. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. नौदलाने दीडशेहून अधिक लोकांना वाचवले, पण अनेक कामगार दगावले. हवामान खात्याने इशारा देणे आणि त्या इशाऱ्यावर योग्य माणसाने योग्य वेळी निर्णय घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जे गाव बोलत नाही

श्रोतेहो, आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वादळानंतर नियंत्रण कक्षात फोन खणखणू लागतात. कुठे पत्रे उडाले, कुठे झाड पडले. ऐकणाऱ्याला वाटते, जिथून जास्त फोन येतात तिथे जास्त नुकसान. बहुतेक वेळा उलटे असते. ज्या गावाचा फोन चालू आहे, त्याचा मनोरा उभा आहे. ज्या गावाचा रस्ता, वीज आणि मनोरा हे सगळेच गेले, ते गाव बोलतच नाही. म्हणून जाणता अधिकारी गावांची यादी पुढे घेऊन बसतो आणि विचारतो, कोणाकडून काहीच खबर नाही? तिथे आधी माणूस पाठवा. त्यासाठीच पोलिसांचा वायरलेस, उपग्रह फोन आणि हौशी हॅम रेडिओवाले यांना महत्त्व आहे. आणि विजेवाचून, सेलवर चालणारा आपला साधा रेडिओ अशा वेळी नियंत्रण कक्षाचा आवाज घरात आणतो. पण रेडिओ एकाच दिशेने बोलतो. गावाची खबर वर नेणे हे गावाचेच काम आहे.

पंचनाम्याची कडी

सुटका झाली, रस्ते मोकळे झाले, की पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून नुकसान लिहितात. तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक पीक गेले असेल तर ते मदतीस पात्र ठरते. पैसा येतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्राच्या निधीत केंद्राचा वाटा पंचाहत्तर टक्के आणि राज्याचा पंचवीस टक्के.

'निसर्ग'नंतर राज्याने नेहमीच्या दरांपेक्षा मदत वाढवली. पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५ हजार १०० रुपयांऐवजी दीड लाख, आणि फळबागांसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये ठरले. तरीही एक अडचण उभी राहिली. कोकणातली बाग हेक्टरात नसते, ती काही गुंठ्यांची असते, आणि तेवढ्यात नारळ, सुपारी, मसाल्याची झाडे दाटीने लावलेली असतात. हेक्टरी हिशेबाने हातात येणारी रक्कम फार थोडी होई. म्हणून पुढे नारळ-सुपारीला झाडामागे दर ठरवावा लागला. मोजमापाची पट्टी जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी जुळली नाही, तर मंजूर झालेली मदतही तोकडी पडते.

आपल्या दारातली गोष्ट

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. मधून तापी वाहते. वर हतनूर, आपल्याकडे सारंगखेडा आणि प्रकाशा, आणि खाली गुजरातेत उकाई. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. वरच्या धरणातून किती पाणी निघाले ही खबर खालच्या धरणावर काही तास आधी पोचणे किती मोलाचे असते, ते तेव्हा साऱ्यांना कळले. ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्रीच्या पावसाने रंगावली नदीला पूर आला आणि नवापूरमध्ये घरे वाहून गेली, माणसेही दगावली. अशा रात्री धुळ्याहून दल निघाले तरी पोचायला वेळ लागणारच. पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो. हे जगातल्या प्रत्येक संकटाबाबत खरे आहे.

मग गावाने काय करावे? खर्चाचे काहीच नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत एक वही तयार करावी. तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, अपंगांची, गरोदर बायांची आणि कच्च्या घरांची नोंद असावी. ट्रॅक्टर कोणाकडे, दोर आणि करवत कोणाकडे, विहिरीवर डिझेल इंजिन कोणाकडे, हेही त्यात लिहावे. शाळा किंवा पक्के समाजमंदिर निवाऱ्यासाठी ठरवून त्याची किल्ली दोघांकडे ठेवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, हे भिंतीवर रंगवून घ्यावेत. फोन बंद पडला तर मोटारसायकलवरून तहसील कचेरीत कोण जाणार, ते नाव आधीच ठरवावे.

आणि खबर नेताना ती नेमकी न्यावी. 'गावाचे फार नुकसान झाले' या वाक्याने नियंत्रण कक्षाला काही करता येत नाही. 'बारा घरांचे पत्रे गेले, दोन जण जखमी, एका बाईला दिवस भरलेत, रस्त्यावर बाभूळ पडली आहे, पिण्याचे पाणी उद्यापर्यंत पुरेल' असे सांगितले, तर ऐकणारा लगेच रुग्णवाहिका, करवत आणि टँकर यांचा क्रम लावू शकतो. वादळ कुठे वळेल ते आपल्या हाती नाही. गावाची वही तयार ठेवणे आणि ती घेऊन निघणारा माणूस ठरवणे, एवढे मात्र येत्या ग्रामसभेत सहज होण्यासारखे आहे.